रोहिणीताईंची न झालेली सही

आमच्या ऑफिसात रोहिणीताई ताम्हणकरांना सकाळी सकाळी नमस्कार करायची सोय नव्हती, कारण उत्तरादाखल प्रश्न यायचा. मी कोट खुंटीला अडकवते न अडकवते तोच त्यांच्या टेबलाकडून आवाज, "केतकी, ह्या बाईंचं रक्त सकाळी काढलंय की दुपारी?" ह्या बाई म्हणजे संगणकाच्या पडद्यावरची आकड्यांची एक ओळ. तिला नाव नाही, गाव नाही, नुसता एक क्रमांक. मी म्हणायचे, "ताई, तसं काही नोंदवलेलं नाही." मग त्या चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे अशा बघायच्या, की जणू त्या बाईंना मीच कुठल्या तरी स्टेशनवर एकटं सोडून आले आहे. वर म्हणायच्या, "आकडा आभाळातून पडत नाही गं. कुणाच्या तरी दंडातून आलेला असतो. विचार की त्यांना." मग मी कॉफी बाजूला ठेवून प्रयोगशाळेला ईमेल लिहायला बसायचे.

रोहिणीताई मूळच्या मिरजेच्या. मिरजेत म्हणे दर कोपऱ्यावर एक दवाखाना आणि दोन दवाखान्यांच्या मध्ये एक तंबोऱ्याचं दुकान. "आमच्या गावात माणसं लांबून लांबून आजारी पडायला येतात," असं त्या अभिमानाने सांगायच्या. तिथे त्यांची स्वतःची पॅथॉलॉजी लॅब होती, नावापुढे एमडी लिहिलेली पाटी होती, दारात रांग असायची. मग त्यांचे यजमान प्रकाशराव इथे नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनजवळ चिप बनवण्याची यंत्रं तयार करणाऱ्या एका कंपनीत आले, आणि त्यांच्या पाठोपाठ ह्या. इथे डॉक्टरकी करायची तर पुन्हा परीक्षा, पुन्हा परवाना, आणि तेही सगळं डचमध्ये. त्या वाटेला न जाता रोहिणीताई बेस्ट गावातल्या आमच्या चिमुकल्या कंपनीत डेटा तपासायला म्हणून आल्या, आणि बघता बघता कंपनीची सगळी वैद्यकीय बाजू त्यांनी हातात घेतली. विनय वगैरे भानगड त्यांच्याकडे नव्हती. आपल्याला किती कळतं हे त्यांना नीट माहीत होतं, आणि समोरच्यालाही ते लवकरात लवकर माहीत व्हावं अशी त्यांची इच्छा असायची.

दिसायला ठेंगण्या, आवाज मात्र दोन खोल्या ओलांडून जाणारा. कॉटनची साडी, पायात धावायचे बूट आणि वरून प्रकाशरावांचा जुना रेनकोट, हा त्यांचा बाराही महिन्यांचा वेश. डच त्या बिनधास्त बोलायच्या. व्याकरणाकडे त्यांनी कधी ढुंकूनही पाहिलं नाही, पण बाजारातल्या चीजवाल्यापासून हेमेंटंमधल्या, म्हणजे नगरपालिकेतल्या बाईपर्यंत सगळ्यांना त्यांचं म्हणणं बरोबर कळायचं. सायकल त्या इथे येऊन शिकल्या. प्रकाशराव मागून कॅरिअर धरून धावायचे आणि त्या पुढून त्यांनाच सूचना द्यायच्या, असं बेस्टमधल्या जुन्या मराठी मंडळींनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आमची कंपनी काय करते ते इथे सांगायला हवं, कारण त्याशिवाय रोहिणीताईंचं भांडण कळणार नाही. छातीत कसंतरी होतंय म्हणून माणूस हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे जातो. डॉक्टर त्याचं रक्त तपासायला पाठवतात. हृदयाला इजा झाली किंवा त्याच्यावर ताण आला की रक्तातले काही पदार्थ वाढतात. त्यांचे आकडे, माणसाचं वय, रक्तदाब असं सगळं आमच्या प्रोग्रॅमला द्यायचं. हजारो जुन्या रुग्णांचे आकडे दाखवून दाखवून आम्ही त्याला शिकवलेलं असतं. त्या शिकवणीवरून तो एक रंग दाखवतो. लाल म्हणजे ताबडतोब इस्पितळ, पिवळा म्हणजे पुन्हा तपासा, हिरवा म्हणजे काळजी नाही, घरी जा. प्रोग्रॅम लिहायचं काम माझं. लाल आणि पिवळ्यावर रोहिणीताईंचं फारसं काही म्हणणं नव्हतं. त्यांचं सगळं वैर हिरव्याशी होतं.

कारण ते जुने रुग्ण म्हणजे बहुतेक साठी उलटलेले डच पुरुष. बायका कमी, आणि आपल्याकडच्या बायका तर शोधूनही सापडायच्या नाहीत. बाईच्या छातीत कळ येईलच असं नाही. कधी नुसता थकवा, कधी जबड्यात दुखणं, कधी मळमळ. जो आकडा पुरुषात चालून जातो तो बाईत धोक्याचा असू शकतो. असं असताना पुरुषांवर शिकलेल्या यंत्राने बाईला हिरवा रंग दाखवून घरी पाठवायचं, हे रोहिणीताईंना मान्य नव्हतं. प्रोग्रॅम दवाखान्यांत जायचा तर वैद्यकीय प्रमुख म्हणून त्यांची सही लागायची. पुरुषांसाठी त्यांनी ती यथावकाश केली. बायकांसाठी करत नव्हत्या, आणि आमचा मालक योस्ट त्यापायी हातघाईवर आला होता.

योस्ट उंच, लाल गालांचा, मनातलं लगेच तोंडावर आणणारा माणूस. त्याचं आणि ताईंचं पहिलं मोठं वाजलं ते एका फ्लायवरून. फ्लाय म्हणजे इकडचा फळं घातलेला मोठा गोल केक. आमच्या मॉडेलचे, म्हणजे त्या शिकवलेल्या प्रोग्रॅमचे, निकाल एकदा फारच झकास आले आणि योस्ट हौसेने भलाथोरला चेरीचा फ्लाय घेऊन आला. सुरी लावणार तोच रोहिणीताई म्हणाल्या, कापू नका. आदल्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून एक विचित्र प्रयोग करून घेतला होता. रक्ताचे सगळे आकडे काढून टाकायचे आणि मॉडेलला फक्त एवढंच सांगायचं की ह्या माणसाचं रक्त किती वेळा तपासलं. मला वाटलं, मॉडेल आता आंधळं होईल. ते झालं नाही. जवळजवळ पहिल्याइतकीच बरोबर उत्तरं देत राहिलं.

म्हणजे झालं होतं असं, की डॉक्टरला ज्याची काळजी वाटते त्याचं रक्त तो पुन्हा पुन्हा तपासतो. आमच्या हुशार यंत्राने रक्ताबिक्ताकडे फारसं लक्ष न देता नेमकं तेवढंच हेरून ठेवलं होतं. "हे रक्त वाचत नाही," ताई म्हणाल्या, "डॉक्टर किती घाबरलाय ते वाचतंय. आणि जिच्याबद्दल डॉक्टर घाबरलाच नाही, त्या बाईला हे खुशाल घरी पाठवेल." योस्टने फ्लायच्या खोक्याचं झाकण लावलं आणि म्हणाला की तो आयुष्यभर डच लोकांत राहिला, पण इतकं तोंडावर बोलणारं माणूस त्याला आजवर भेटलं नव्हतं. काही महिन्यांचं काम पाण्यात गेलं होतं आणि मला रडू येत होतं. संध्याकाळी ताईंनी स्वतःच तो फ्लाय कापला, सगळ्यांच्या बशीत वाढला, मला दुसरा तुकडाही घालून गेल्या. चूक दवाखान्यात सापडण्यापेक्षा ऑफिसात सापडली, ह्याचा फ्लाय खायला काय हरकत आहे, असं त्यांचं म्हणणं. पुढचे कितीतरी महिने मी आणि त्या मॉडेल नव्याने शिकवत बसलो.

ह्यावरून त्या कायम बरोबर असत असं कुणी समजू नये. शिफोल विमानतळाजवळच्या बाडहूव्हडॉर्पमधल्या एका दवाखान्यातून आलेले रक्ताचे आकडे एकदा त्यांना संशयास्पद वाटले. तिथे नळ्या आदळआपट करून हाताळतात असा त्यांनी निष्कर्ष काढला, आणि फोन करून तिथल्या असिस्टंट मुलीला आपल्या डचमध्ये चांगलं फैलावर घेतलं. दोन दिवसांनी कळलं की ताईंनी एका रकान्याऐवजी शेजारचा रकाना वाचला होता. दुसरं कुणी असतं तर सारवासारव केली असती. ह्या बाईंनी रजा टाकली, डब्यात घरी केलेले बेसनाचे लाडू भरले आणि ट्रेन, बस करत थेट बाडहूव्हडॉर्प गाठून त्या मुलीची माफी मागितली. आता रोहिणीताईंना स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि त्यांच्या लाडवांना दात लावणं हे धाडसाचं काम होतं. त्या मुलीने नंतर ऑफिसात फोन करून विचारलं की हे नक्की कसे खायचे. तो फोन मी घेतला. दुधात भिजवून, असं मी सांगितलं.

आपल्याकडच्या बायकांचं रक्त मिळत नाही, ही त्यांच्या डोक्यातली भुणभुण काही केल्या थांबत नव्हती. बेस्टमध्ये आणि आसपास मराठी बायका काही थोड्याथोडक्या नाहीत. कुणी पुण्याहून, कुणी मुंबईहून, कुणी स्वतःच्या नोकरीवर, कुणी नवऱ्याच्या. पण सुईचं नाव काढलं की सगळ्यांना नेमकं त्याच दिवशी काम असायचं. तेव्हा संक्रांतीच्या सुमाराला रोहिणीताईंनी गावातला हॉल घेतला आणि हळदीकुंकवाचं आमंत्रण धाडलं. त्यात खाली स्वच्छ लिहिलं होतं की वाण मिळेल, तिळगूळ मिळेल आणि ज्यांची तयारी असेल त्यांचं थोडं रक्त घेतलं जाईल. सवाष्ण, विधवा, अविवाहित सगळ्यांना बोलावणं होतं. इस्पितळाची परवानगी, संमतीपत्रं, एक डच नर्स, नळ्या फिरवायचं यंत्र, सगळी जय्यत तयारी. योस्टला हळदीकुंकू म्हणजे काय ते समजावून सांगायची कामगिरी माझ्यावर आली. मी माझ्या परीने सांगितलं. तो एवढंच म्हणाला की रक्त देण्यासाठी रेशमी साडी नेसून येणाऱ्या बायका त्याने आजवर पाहिलेल्या नाहीत.

बायका आल्या, झाडून आल्या. मात्र मुलाकडे आलेल्या एका नाशिकच्या आजी दारातच अडल्या. हळदीकुंकवाच्या दिवशी रक्त काढायचं हे त्यांना अभद्र वाटत होतं, आणि त्या ते मोठ्याने बोलून दाखवत होत्या. दोन-तीन जणींची चुळबुळ सुरू झाली. ताई पुढे झाल्या, आजींना खुर्ची दिली आणि शांतपणे म्हणाल्या, "आजी, एवढ्या बायका एका जागी स्वतःहून, हसत येतात असा दुसरा दिवस मला सांगा. मी सुई त्या दिवशी आणते." आजी बोटांवर सण मोजू लागल्या. मग ताईंनी स्वतःच पदर सावरून दंड पुढे केला आणि सगळ्यांच्या आधी आपलं रक्त काढून घेतलं. त्यानंतर रांग लागली. आजीही शेवटी रांगेत आल्या, पण डावा हात देईन, उजवा नाही, अशी अट घालून. चक्कर येऊ नये म्हणून नर्सच्या शेजारीच तिळगुळाचं ताट होतं. वाण म्हणून प्रत्येकीला सायकलवर अंधारात चमकेल अशी दंडाला बांधायची पट्टी मिळाली. हॉलबाहेर सगळ्या जणी ती शालूवर बांधून फोटो काढत होत्या आणि रोहिणीताई नळ्या मोजत होत्या. इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी आधी कधी पाहिला नव्हता.

ह्या बायका निरोगी होत्या, आणि तेच ताईंना हवं होतं. आपल्याकडच्या धडधाकट बाईचा आकडा मुळात कुठे असतो हे कळल्याशिवाय बिघडलेला कसा ओळखणार? कुणाच्या रक्तात काही गंभीर दिसलंच तर इस्पितळातले डॉक्टर तिला कळवणार, असं संमतीपत्रात होतं. आम्हाला फक्त क्रमांक दिसणार, नावं नाहीत. निकाल आले की ते आधी रोहिणीताई चाळायच्या आणि बिघडलेले नमुने बाजूला काढायच्या. कुठली नळी नीट भरली नाही, कुठली फार वेळ उन्हात राहिली, हे त्या पोलिसासारखं शोधायच्या. त्यांनी बाद केलेला नमुना मग पुढे कुठेच जायचा नाही. डॉक्टरांकडेही नाही.

हळदीकुंकवाच्या नमुन्यांपैकी त्यांनी मोजकेच बाद केले. पण बाद केलेल्यांवरूनही एकदा नजर फिरवायची, ही त्यांनीच मला लावलेली सवय. म्हणून मी ते मॉडेलला दाखवले. एकावर लाल रंग आला. हृदयावर ताण आला की वाढतो तो आकडा चांगलाच वर होता, आणि इजेचा आकडाही जिथे असायला नको तिथे होता. जेवणाची वेळ होती. डच मंडळी आपापले ब्रेडचे तुकडे घेऊन बसली होती, आणि ताई डब्यातली पोळी खात काहीतरी वाचत होत्या. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि ती ओळ दाखवली.

त्यांनी नीट पाहिलंही नाही. "ते बाद आहे. पहिली नळी होती. नळ्या फिरवायचं यंत्र लावायला वेळ लागला, बराच वेळ तशीच पडून राहिली."

"पण ताई," मी म्हटलं, "पडून राहिली तर हा आकडा झालाच तर कमी होतो ना? वर कसा जाईल?"

हे मला त्यांनीच शिकवलं होतं. पोळीचा घास त्यांच्या हातात तसाच राहिला. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि ती ओळ वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. मला वाटलं, आता मला काहीतरी ऐकावं लागणार.

"ती मी आहे, केतकी," त्या म्हणाल्या. "पहिली नळी माझीच होती."

आणि त्या चक्क हसायला लागल्या. खोटं हसू नव्हतं ते. आपल्याच लॅबमधल्या एखाद्या नवशिक्या पोरीची चूक पकडावी तसं त्या स्वतःला पकडून हसत होत्या. कालव्यावरच्या पुलाचा चढ आला की गेले काही महिने त्या सायकलवरून उतरायच्या. वाऱ्याला दोष द्यायच्या, वयाला द्यायच्या, नव्या टायरला द्यायच्या. प्रकाशराव डॉक्टरकडे चला म्हणायचे, तर त्यांना गप्प बसवायच्या. आणि आकडा समोर आला तेव्हा आपण ठणठणीत आहोत म्हणजे नळीच बिघडली असणार, असं त्यांनी मनापासून ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या कुणाचा नमुना असता तर ते कारण त्यांनी क्षणभरही ऐकून घेतलं नसतं. डबा बंद करून त्या उठल्या आणि त्यांनी हाउसआर्ट्सला फोन लावला. पण त्याआधी मला त्यांनी तो नमुना परत यादीत घ्यायला लावला, आणि आधी बाद का केला त्याचं कारणही लिहायला लावलं. कारण असं लिहायचं, त्या म्हणाल्या: तपासणारीला स्वतःबद्दल खात्री होती.

पुढच्या तपासण्या भराभर झाल्या. हृदयाच्या तीन धमन्या अरुंद झाल्या होत्या, त्यातली एक जवळजवळ बंद. हृदयाचे ठोकेही आता अशक्त पडत होते. बायपास करायची, आणि लवकर करायची असं ठरलं. सर्जनने धोका आहे हे त्यांच्यापासून लपवलं नाही. त्यांच्यापासून लपवणार तरी काय?

ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात योस्ट त्यांना भेटायला घरी आला. मी तिथेच होते. प्रकाशराव चहा करत होते, कारण त्या घरात चहा तेच चांगला करायचे. योस्टने ताईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि त्याला खरोखरच भरून आलं. मग त्याच्या स्वभावाप्रमाणे त्याने मनातलं बोलून टाकलं. यंत्राने तुला ओळखलं, तू स्वतःला ओळखलं नाहीस. बायकांच्या बाबतीत ते चालतं ह्याहून मोठा पुरावा कुठला हवा? दवाखाने थांबलेत, आता तरी सही कर. हे तो वाईट हेतूने म्हणत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं. ज्या यंत्राने रोहिणीताई पकडल्या त्याच्याबद्दल माझ्या मनात तेव्हा नुसती कृतज्ञता होती.

ताईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मी चुकले, हे त्यांनी आधी सरळ कबूल केलं. मग म्हणाल्या की यंत्राने मला वाचवलं असेल तर मी निरांजन लावून त्याला ओवाळायला तयार आहे, पण सही ही वेगळी गोष्ट आहे. "माझे आकडे इतके वाईट होते योस्ट, की कुणालाही दिसले असते. मी बघितले नाहीत, म्हणून मला दिसले नाहीत. त्यात यंत्राची हुशारी कसली? ज्या बाईचे आकडे काठावर आहेत तिला ते काय सांगेल, हे तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही. एकीवरून मी हजार जणींना घरी पाठवायची सही करू?"

योस्टने हातातला कप रिकामा केला. नंतर त्याने प्रकाशरावांकडे दुसरा कप चहा मागितला. सहीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

पुढचं काय ते मी आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवट मला हवा तसा सांगता येईल. रोहिणीताई त्या ऑपरेशनमधून उठल्या नाहीत. डॉक्टरांनी करता येण्यासारखं सगळं केलं. हृदय आधीच फार थकलेलं होतं, असं सर्जन प्रकाशरावांना म्हणाले, आणि ते पुन्हा नीट चाललं नाही. आमचा प्रोग्रॅम आज बऱ्याच दवाखान्यांत आहे. त्यात पुरुषांना तीन रंग दिसतात आणि बायकांना दोनच. बाईला हिरवा दाखवून घरी पाठवायचं बटण योस्टने स्वतः बंद करायला लावलं, आणि पुरेशा बायकांचे आकडे जमेपर्यंत ते बंदच राहणार आहे. त्यामुळे आम्ही काही गिऱ्हाइकं गमावली. त्या गेल्यावर कित्येक दिवस मला ऑफिसात जावंसं वाटत नव्हतं, कारण सकाळी कोट खुंटीला लावताना कुणीच काही विचारायचं नाही. मला त्यांची फार आठवण येते. एवढं साधं वाक्य लिहायलाही मला बरेच दिवस लागले.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी प्रकाशरावांनी सोबतीला म्हणून मला बोलावलं होतं. इस्पितळाच्या खोलीत ताई आधीच निळा अंगरखा घालून, केस टोपीत कोंबून तयार होत्या. कपाळावर टिकली नव्हती, आणि तशा मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. फार लहान दिसत होत्या. त्यांचं मंगळसूत्र आणि बांगड्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून प्रकाशराव ती पिशवी दोन्ही हातांनी धरून उभे होते. नर्स आली, नाव आणि जन्मतारीख विचारून गेली. थोड्या वेळाने दुसरी आली, तिनेही तेच विचारलं. ताईंना ते पसंत पडलं. असंच पाहिजे, त्या म्हणाल्या.

मग पलंगाची चाकं सुटली आणि आम्ही दोघं त्याच्या बाजूने चालत निघालो. कॉरिडॉरच्या टोकाला मोठं दार होतं. त्याच्या पुढे आम्हाला जाता येणार नव्हतं. प्रकाशराव वाकून काहीतरी बोलले. त्यावर ताई म्हणाल्या की तुम्ही खाली जाऊन आधी काहीतरी खाऊन घ्या, तुम्हाला उपाशी राहिलं की पित्त होतं. प्रकाशरावांनी मान हलवली. ते कुठेही जाणार नव्हते हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. नर्स दाराचं बटण दाबणार तेवढ्यात ताईंनी तिला हाताने थांबवलं आणि मला जवळ बोलावून माझा हात धरला.

"ऐक. मी बरी झाले तर योस्ट म्हणेल, बघा, यंत्रामुळे वाचली. नाही झाले तर तू म्हणशील, काय उपयोग झाला यंत्राचा, बंद करा सगळं. दोन्ही वेळा मी एकच बाई आहे. माझ्यावरून काही ठरवायचं नाही. कबूल?"

मला ते कबूल नव्हतं, आजही नाही. माझ्या लेखी त्या कधीच नुसत्या एक बाई नव्हत्या. पण त्या माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या होत्या आणि नर्स खोळंबली होती, म्हणून मी "कबूल" म्हटलं. मी म्हटलं तेव्हाच त्यांनी माझा हात सोडला आणि नर्सला पलंग आत न्यायची खूण केली.